आबांचा आवाज मागाहून

सुदर्शनला पतसंस्थेच्या सोडतीत होम थिएटर लागलं आणि त्याच रविवारी संध्याकाळी त्याचे वडील घरात बोलू लागले. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती.

होम थिएटर म्हणजे एक डिस्क प्लेअर, पाच छोटे स्पीकर आणि एक जाडजूड ठोकळा. त्याला सुदर्शन वूफर म्हणत होता आणि त्याची आई ठकूबाई 'ती पेटी' म्हणत होती. ही सगळी चीजवस्तू पतसंस्थेच्या माळ्यावर बरीच वर्षं पडून असावी. हल्ली डिस्क बघतो कोण? ज्याला त्याला हातातला मोबाइल पुरतो. मॅनेजरने सुदर्शनचं अभिनंदन केलं आणि खोकं इतक्या घाईने त्याच्या गाडीत ठेवलं, की बक्षीस नक्की कोणाला लागलं असा प्रश्न पडावा. पण फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवण्याचा सुदर्शनचा स्वभाव नव्हता. त्याने रविवारी जेवण झाल्यावर हातपुस्तिका उघडली आणि टेप घेऊन खोली मोजायला काढली.

खरं तर घरात त्या दिवशी कोणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. सुदर्शनची मुलगी हर्षाली आणि समोरच्या घरातला आदेश यांचं लग्न ठरल्यात जमा होतं. दोघांची पसंती होती, दोन्ही घरांची होती, पत्रिकासुद्धा बिचारी आडवी आली नव्हती. अडलं होतं ते आदेशच्या आजोबांपाशी. सावळाराम हे त्या घरातले कर्ते आणि त्यांच्याशिवाय सुपारी फुटणार नव्हती. सुपारी मुलीच्या घरी फोडायची, आणि सावळाराम मुलीच्या घरात पाऊल टाकायला तयार नव्हते. इकडे मोहिनीच्या, म्हणजे सुदर्शनच्या बायकोच्या भावाने चाकणचं एक स्थळ शोधून ठेवलं होतं आणि पुढच्या रविवारी ती मंडळी बघायला येतो म्हणाली होती. हर्षालीने सकाळपासून तोंडात घास घातला नव्हता.

सावळारामांचा हर्षालीवर राग नव्हता. ती गल्लीत दिसली की ते तिला हाक मारून बोरं द्यायचे. राग होता तो रखमाजींवर, म्हणजे सुदर्शनच्या आबांवर, आणि तो जुना होता.

रखमाजी बैलगाडा शर्यतीत पुकारायचे. घोड नदीच्या अल्याडपल्याड कुठेही जत्रा असो, घाटावरच्या, म्हणजे गाडे पळतात त्या चढावरच्या, स्टेजवर माइक रखमाजींच्याच हातात असायचा. भीमाशंकराच्या बाजूची डोंगरातली गावं काय आणि जुन्नरकडची काय, गाडामालक म्हणायचे, रखमाजी पुकारणार असतील तर बैल आम्ही आणतो. ठराविक सेकंदांच्या आत गाडा वर आला तर तो 'पहिल्यात' आणि त्याच्या मागाहून आला तर 'दुसऱ्यात'. त्यांचा जोडीदार सोपान घड्याळ दाबायचा आणि रखमाजी निकाल पुकारायचे. सावळाराम आणि रखमाजी म्हणजे जिवाभावाचे मित्र. पण एका जत्रेत रखमाजींनी सावळारामांचा गाडा दुसऱ्यात पुकारला. सावळाराम स्टेजवर चढले आणि सगळ्या जत्रेसमोर म्हणाले, की माझा गाडा पहिल्यात होता, तू मित्राच्या जिवावर उठलास. आता तू स्वतः हाक मारशील तेव्हाच तुझ्या उंबऱ्याला पाय लावीन.

रखमाजींनाही मान होता. त्यांनी हाक मारली नाही. पुढच्या जत्रेत मिटलं असतं, तर शर्यतींवरच बंदी आली. बंदी उठेपर्यंत दोघांचीही गुडघेदुखी सुरू झाली होती. मग रखमाजी गेले. सावळारामांनी त्यांना खांदा दिला, पण गल्लीत उभं राहून. तिरडी उंबऱ्याच्या बाहेर येईपर्यंत ते लिंबाखाली थांबले होते आणि रडत होते. दिलेला शब्द त्यांनी त्याही दिवशी मोडला नाही. आता तर हाक मारणारा माणूसच उरला नव्हता आणि त्यामुळे शब्दातून सुटायची काही सोयही उरली नव्हती.

तर सुदर्शनने खोली मोजली. पुढचे तीन स्पीकर टीव्हीपाशी बसले. मागच्या दोघांपैकी एक स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या कोनाड्यात गेला. दुसऱ्याची वायर कुठेच पुरेना, तेव्हा तो गल्लीकडच्या खिडकीत ठेवावा लागला. शेजारी ठकूबाईंची खुर्ची होती. हे सगळं होईपर्यंत उन्हं उतरली. लावून बघायला डिस्क हवी म्हणून शोधाशोध झाली, तर घरात एकच निघाली.

"ह्यांची लाव," ठकूबाई म्हणाल्या.

जुन्नरच्या पेठेतले वजीरभाई जत्रांचं शूटिंग करायचे. त्यांनीच ती डिस्क रखमाजींना दिली होती. ती त्या भांडणाच्याच जत्रेची असल्यामुळे रखमाजींनी ती कधीच लावली नव्हती, आणि नंतर घरातला जुना प्लेअरही बंद पडला होता. वजीरभाई कामाला चोख माणूस. लोकांचा गोंगाट नको म्हणून त्यांनी वायर थेट स्टेजवरच्या माइकच्या मशीनला जोडून आवाज वेगळ्या टेपवर घेतला होता. फक्त कॅसेटवरून डिस्क करताना चित्र आणि आवाज यांची गाठ जरा सैल बसली असावी.

टीव्हीवर घाट दिसला. माणसं, फेटे, धुरळा. मग स्टेजवर पांढऱ्या सदऱ्यातले रखमाजी दिसले. त्यांनी माइक तोंडाजवळ नेला, तोंड उघडलं, मिटलं, आणि चांगलं मिटून झाल्यावर खोलीत त्यांचा आवाज आला.

"राम राम मंडळी."

हा आवाज टीव्हीतून आला नाही. तो पाचही बाजूंनी आला आणि खालच्या पेटीतून फरशीत उतरला. हर्षाली चटकन पाय वर घेऊन बसली. तिला आबांचा आवाज ऐकून रडू यायला हवं होतं, पण अंगावर काटा आला. टीव्हीतले आबा ओठ मिटून तिच्याकडे बघत होते आणि आबा तिच्या मानेमागे बोलत होते. ठकूबाईंनी मात्र मान वळवून मागे पाहिलं, कोणी नाही असं बघून पुन्हा पुढे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

स्वयंपाकघरात मोहिनी भाकरी थापत होती. तिला या यंत्राची काही कल्पना नव्हती. दुपारभर सुदर्शन फरशीवर रांगत होता एवढंच तिला ठाऊक होतं. तिच्या खांद्यामागून, कोनाड्यातून, सासरे स्वच्छ म्हणाले, "जरा पानी आना रं कोनीतरी." मोहिनीने लग्न झाल्यापासून त्या आवाजाला कधी थांबायला लावलं नव्हतं. पिठाच्या हातांनी तिने पदर ओढला, तांब्या भरला, बाहेर आली आणि रखमाजींच्या रिकाम्या खुर्चीपुढे तांब्या-फुलपात्रं ठेवून परत निघाली. दारापर्यंत गेल्यावर तिला आठवलं, की खुर्ची रिकामी का आहे. ती तिथेच चौकटीला धरून उभी राहिली. तव्यावरची भाकरी जळाल्याचा वास सगळ्यांना आला, पण कोणी उठलं नाही.

सुदर्शन घाबरला नव्हता, कारण त्याच्या हातात हातपुस्तिका होती. त्याने सगळ्यांना समजावलं, की याला सिंक जाणं म्हणतात, मेनूत त्याची सोय असते, आणि आबांचे ओठ आणि आवाज तो पाच मिनिटांत जुळवून दाखवतो. फक्त जुळलं की नाही हे कळायला आबांचं तोंड जवळून दिसेल अशी जागा हवी. ती त्याला लवकरच सापडली. वजीरभाईंनी तिथे कॅमेरा अगदी रखमाजींच्या मिशांपाशी नेला होता. रखमाजी गाडामालकांना घाटात बोलावत होते.

"सावळाराम," खिडकीतला स्पीकर म्हणाला. "सावळाराम, घाटात या."

ओठ आणि आवाज जुळले नव्हते. सुदर्शनने डिस्क थांबवली, मेनूत जाऊन आकडा वाढवला, डिस्क मागे नेली आणि पुन्हा लावली. "सावळाराम. सावळाराम, घाटात या." आता तर आवाज आणखीच मागे पडला होता. त्याने आकडा आणखी वाढवला. त्या मेनूतली खरी गोम त्याच्या अजून लक्षात आली नव्हती. आवाज आधीच उशिरा येत होता, आणि त्या यंत्राला आवाज उशिरा करण्यापलीकडे काही येत नव्हतं. सुदर्शन जितकं नीट करत होता तितके आबा स्वतःपासून लांब चालले होते.

गल्लीपलीकडे सावळाराम त्या वेळी अंगणात हातपाय धूत होते. दिवेलागण झाली होती. तोंडात चूळ भरायला पाणी घेतलेलं आणि समोरच्या घरातून रखमाजींनी हाक मारली.

आमच्याकडे तिन्हीसांजेच्या हाकेचा एक नियम आहे. डिंभ्यापासून वर आहुप्याच्या रानापर्यंत कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो हेच सांगेल. अशा वेळी हाक आली की लगेच ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तो तिसरी हाक मारतो. दुसरं काही असेल तर ते दोनदा हाक मारून गप्प होतं, आणि तेवढ्यात ज्याने ओ दिली त्याचं काही खरं नाही. सावळारामांना हे त्यांच्या आजीने सांगितलं होतं आणि आजवर त्याचा पडताळा बघायची वेळ आली नव्हती. ते तोंडातलं पाणी तसंच ठेवून मोजू लागले. एक. दोन. मग गप्प. थोड्या वेळाने पुन्हा एक, दोन, गप्प. मग पुन्हा. हे दुसरं काही असेल तर चिकाटीचं होतं. आणि आवाज रखमाजींचाच होता. तो आवाज ओळखण्यात सावळारामांची चूक होण्यासारखी नव्हती.

आदेशने आजोबांना असं उभं पाहिलं आणि हर्षालीला फोन लावला.

"तुमच्याकडे काय चाललंय? आजोबा अंगणात खांबासारखे उभे आहेत. तोंडात पाणी आहे, गिळत नाहीत आणि थुंकतही नाहीत."

हर्षालीच्या डोक्यात सगळा उलगडा झाला. तिने फोन ठेवला आणि बापाला कळवळून सांगितलं, की पप्पा, आबांनी सावळारामतात्यांना हाक मारलीय. तात्यांनी हाकच तर मागितली होती. तुम्ही दरवेळी दुसऱ्या हाकेवर थांबवताय, म्हणून ते येत नाहीयेत. एकदा पुढे जाऊ द्या.

सुदर्शनने रिमोट आईच्या खुर्चीच्या हातावर ठेवला आणि नाही म्हणाला. तो तसा सरळ माणूस. मेलेल्या बापाच्या आवाजाने म्हाताऱ्या माणसाला घरात ओढून आणायचं आणि त्यावर मुलीच्या लग्नाची सुपारी फोडायची, हे त्याच्या मनाला पटेना. शिवाय त्याने कायद्याचा मुद्दाही काढला. ही हाक भांडणाच्या आधीची होती. भांडणाच्या आधी मारलेली हाक भांडणानंतरच्या शब्दाला कशी चालेल? हर्षाली म्हणाली, की शब्दात आधी-नंतर असं काही नव्हतं. सुदर्शन म्हणाला, की त्याला अर्थ असतो. हर्षालीने डोळे पुसत विचारलं, की चाकणच्या मंडळींना पोहे करायचे की उपमा, ते तरी सांगा. दोघंही आवाज चढवून बोलत होती. तेवढ्यात पाच दिशांनी तिसरा आवाज आला.

"सावळाराम, आरं ये की. किती वाट बघायची?"

सुदर्शनने हर्षालीकडे बघितलं. हर्षालीने मोहिनीकडे बघितलं. खुर्चीच्या हातावर रिमोट नव्हता. ठकूबाईंचे दोन्ही हात पदराखाली होते आणि त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

गल्लीत चूळ टाकल्याचा आवाज झाला. मग वहाणांचा. मग दाराबाहेरून अगदी बारीक आवाजात सावळाराम म्हणाले, "ओ."

दार उघडंच होतं. उंबऱ्याबाहेर सावळाराम हातात टोपी धरून उभे होते. त्यांच्या धोतराचा सोगा ओला होता. त्या माणसाला त्या क्षणी वाटत होतं, की आत गेलो तर आपण परत येत नाही. तरीही तो आला होता, ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना पुढे फार दिवस जाणवत राहिली.

"वहिनी, हाक मारली व्हती का कोनी?"

"मारली," ठकूबाई म्हणाल्या.

"कोनी?"

"आवाज वळखू येत न्हाई व्हय तुमाला?"

सावळारामांनी उजवा पाय आत टाकला. आणि मग त्यांना टीव्ही दिसला. टीव्हीत रखमाजी पाणी पीत होते, आणि पाणी पितापिताच दुसऱ्या कोणाला तरी घाटात बोलावत होते. सावळाराम म्हातारे होते, पण डिस्क कशाला म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. सुदर्शन शरमेने लाल झाला आणि सगळं सांगायला पुढे सरसावला. सावळारामांनी त्याला हातानेच थांबवलं. एक पाय आत होता, एक बाहेर. आतला बाहेर घ्यावा, तर पुन्हा कधी कोण हाक मारणार? आणि बोलून चालून त्यांनी रखमाजीने स्वतः हाक मारावी एवढंच म्हटलं होतं, त्या वेळी रखमाजी जिवंत असावा असं काही म्हटलं नव्हतं. त्यांनी दुसरा पाय आत घेतला.

ते मागे, ठकूबाईंच्या शेजारी, खिडकीपाशी बसले. हर्षालीने पाया पडून घेतलं. आदेश दारात येऊन टेकला. आता बंद करायचं, चहा ठेवायचा आणि विषय काढायचा, असा सुदर्शनचा विचार होता. पुढे तोच निकाल येणार, हे त्याला माहीत होतं. पण त्याने आईकडे रिमोट मागितला तेव्हा सावळारामच म्हणाले, "सुदर्शन, बंद नको करू. मला बघू दे."

बघण्यासारखं होतंच. टीव्हीत सावळारामांचा गाडा जुंपला. त्यांची काळ्या केसांची मूर्ती बैलांच्या अंगावरून हात फिरवत होती. निशाण पडलं आणि गाडा सुटला. धुरळा इतका उठला, की बैल कोणते आणि माणसं कोणती कळेना. सगळं मुकं. पाचही स्पीकरमधून रखमाजी अजून मागच्याच गाड्याला बाजूला घ्या म्हणून विनवत होते. गाडा वर पोचला. कॅमेरा स्टेजकडे वळला. सोपानने घड्याळ पुढे केलं, रखमाजींनी त्याच्यात वाकून बघितलं, माइक उचलला आणि त्यांचे ओठ हलले.

आवाज यायचा होता. ओठांनी निकाल देऊन टाकला होता आणि निकाल अजून वाटेत होता. सुदर्शनला तेवढ्यात मेनूतली गोम कळली, की आकडा वाढवायचा नव्हता, शून्यावर आणायचा होता. पण आता ते कळून उपयोग नव्हता. टीव्हीतले सावळाराम स्टेजवर चढून हातवारे करत होते आणि खोलीतले सावळाराम खुर्चीच्या पुढच्या कडेवर सरकून निकालाची वाट बघत होते. इतक्या वर्षांनी निकाल बदलेल असं त्यांना वाटत असावं, कारण त्यांनी हात जोडले होते.

भांडण फारच वाढलेलं बघून शहाण्या वजीरभाईंनी कॅमेरा बंद केला होता. पडदा निळा झाला. आणि त्या निळ्या पडद्यातून रखमाजींचा भरदार आवाज आला.

"सावळारामांचा गाडा दुसऱ्यात."

सावळारामांनी हात सोडले. निकालापाठोपाठ स्टेजवरची झोंबाझोंबी ऐकू आली, त्यांचेच त्या वेळचे शब्द ऐकू आले, तो उंबऱ्याचा शब्दसुद्धा. मग माणसं पांगल्यासारखा आवाज, मग नुसती घरघर. संपलं असं सगळ्यांना वाटलं. पण कॅमेरा बंद झाला तरी माइकचं मशीन आणि वजीरभाईंची आवाजाची टेप चालूच राहिली असणार. कारण त्या घरघरीतून रखमाजी पुन्हा बोलू लागले. पुकारायच्या आवाजात नाही, अगदी हळू. कोणी कानाशी लागून बोलावं तसा तो आवाज सावळारामांच्या मानेमागून आला.

"सोपान, घड्याळ नीट दाबलं व्हतं ना रं?"

"जरा मागाहून दाबलं गेलं," दुसरा आवाज म्हणाला. "धुरळा लई व्हता."

"मग आधी का न्हाई बोललास? मी पुकारून बसलो की. लई वाईट झालं. माझा दोस्त गेला, सोपान."

मोहिनीने पदर तोंडात धरला. सगळ्यांच्या नजरा सावळारामांकडे गेल्या. जे ऐकायला त्या माणसाने अर्धं म्हातारपण गल्लीच्या पलीकडे काढलं होतं, ते आज त्याच्या पदरात पडलं होतं. त्याने उठावं, छाती काढावी, सगळ्यांना सुनवावं, आणि कोणी एक शब्द बोललं नसतं. सावळाराम उठले नाहीत. ते हळूच वळले आणि खिडकीतल्या स्पीकरजवळ तोंड नेऊन कुजबुजले.

"घड्याळाचं सोड, रखमाजी. माझा डावा बैल मधीच बुजला व्हता. गाडा दुसऱ्यातच व्हता. मला तवाच दिसलं व्हतं."

त्यांना वाटलं, कोणी ऐकलं नाही. पण म्हाताऱ्या माणसाची कुजबुज काही फार बारीक नसते, आणि ठकूबाईंची खुर्ची त्या स्पीकरला लागूनच होती. घरघर चालू होती. पडदा निळा होता आणि त्या उजेडात सगळ्यांचे चेहरे निळे दिसत होते. ठकूबाईंनी पदराखालून रिमोट काढून मांडीवर ठेवला.

"भावजी," त्या म्हणाल्या, "मागच्या स्पीकरला सांगितलंत ते पुढच्यालाबी सांगा."

सावळारामांनी खाली बघितलं. आता मेलेल्या माणसापुढे त्याचं काय, असं काहीतरी ते पुटपुटले. सुदर्शन आईला खुणा करत होता, की जमत आलेलं बिघडवू नको. हर्षालीला रडू फुटायच्या बेतात होतं. ठकूबाईंनी कोणाकडेच बघितलं नाही.

"ह्या मानसानं तुमच्या घराकडं तोंड करून रोज चहा घेतला. आपन चुकीचं पुकारलं, ह्येच मनात धरून गेला. मला नात तुमच्या घरी द्यायचीच हाय. पन आधी ह्यांच्या मनातलं काढा."

सावळाराम उठले. त्यांना पुढे जायला फार वेळ लागला. रखमाजींच्या रिकाम्या खुर्चीला वळसा घालून ते टीव्हीसमोर गेले. निळ्या पडद्यापुढे ताठ उभे राहिले आणि शर्यतीच्या घाटात ऐकू जाईल अशा आवाजात, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "गाडा दुसऱ्यात व्हता, रखमाजी. तू पुकारलंस ते बरोबर पुकारलंस."

खोलीत घरघर तेवढी उरली. मग तीही जरा कमी झाल्यासारखी वाटली, आणि पाचही स्पीकरमधून, फरशीवरच्या पेटीतून, समोरून आणि मागून रखमाजी म्हणाले,

"त्ये मला ठावं हाय रं. चल, चहा घे."

आणि डिस्क संपली. प्लेअरने आपलं आपण दार उघडून ती बाहेर काढून दिली.

हे रखमाजी सोपानलाच म्हणाले असणार. सोपान माइकपासून लांब काहीतरी बोलला असेल, त्याला दिलेलं ते उत्तर असेल, आणि चुकीच्या जुळणीमुळे ते नेमकं त्या क्षणाला येऊन पोचलं असेल. सुदर्शनने हे सगळं दुसऱ्या दिवशी दोनदा समजावून सांगितलं. पण त्या संध्याकाळी खोलीत कोणालाच सोपानची आठवण झाली नाही. आदेश दारातून दोन पावलं आत आला होता आणि हर्षालीचा हात त्याच्या हातात होता, तेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

ठकूबाईंनी डोळे पुसले.

"झालं न्हवं," त्या म्हणाल्या. "मोहिनी, चहा टाक आनि सुपारी आन."

सावळारामांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. मग त्यांनी रखमाजींची खुर्ची थोडी बाजूला सरकवली आणि तिच्या शेजारी आपली खुर्ची ओढून घेतली.